सातबाऱ्यावरून कमी न झालेली नावं : व्हिएन्ना, बाड इशल, बुडापेस्ट

१५ ऑगस्ट, व्हिएन्ना

आई महसूल खात्यात होती. तलाठी म्हणून लागली आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाली. तिच्या हातात कुठलाही कागद दिला की ती आधी खालची तारीख बघते, मग वरची नावं वाचते आणि मग विचारते, ''कब्जा कुणाचा?'' माझ्या मावसभावाला हे चांगलं ठाऊक आहे. तो गेली अकरा वर्षं व्हिएन्नात आहे. विमानतळावरून घरी येताना गाडीतच त्याने आईला एक कागद दिला. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ याच्या पदव्यांची पूर्ण यादी त्याने मराठीत लिहून काढली होती.

आईने ती मोठ्याने वाचायला घेतली. ऑस्ट्रियाचा सम्राट. हंगेरीचा अपोस्टोलिक राजा. बोहेमिया, डाल्मेशिया, क्रोएशिया, स्लाव्होनिया, गॅलिसिया, लोडोमेरिया आणि इलिरियाचा राजा. जेरुसलेमचा राजा, इत्यादी. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक. टस्कनी आणि क्राकोचा ग्रँड ड्यूक. लोरेन, साल्झबुर्ग, स्टिरिया, कॅरिंथिया, कार्निओला, बुकोविनाचा ड्यूक. ट्रान्सिल्व्हेनियाचा महाप्रिन्स. मोडेना, पार्मा, पियाचेन्झा आणि ग्वास्टालाचा ड्यूक. औशवित्झ आणि झाटोरचा ड्यूक. इथे ती थांबली. ''तेच औशवित्झ?'' ''तेच,'' भाऊ म्हणाला. ओश्व्हिएन्चिम या पोलिश गावाचं ते जर्मन नाव. त्या काळी या नावाने कुणाच्या अंगावर काटा येत नव्हता, ते इतर गावांसारखंच एक गाव होतं. आई थोडा वेळ बाहेर बघत राहिली आणि पुन्हा वाचायला लागली. हाब्सबुर्ग आणि टिरोलचा काउंट. किबुर्गचा काउंट. ट्रिएस्टचा स्वामी. सर्बियाच्या व्होइव्होडशिपचा महाव्होइव्होड. आणि शेवटी पुन्हा एकदा ''इत्यादी''.

''आपल्याकडे बिरुदावलीत इत्यादी म्हणत नाहीत,'' आई म्हणाली. खरंच आहे. दरबारात ललकारी देणारा भालदार 'क्षत्रियकुलावतंस' म्हणून पुढे 'वगैरे' म्हणाला असता तर त्याची नोकरी गेली असती. इथे मात्र 'इत्यादी' हा पदवीचाच अधिकृत भाग होता. सरकारी कागदांसाठी पदवीच्या लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन ठरलेल्या आवृत्त्या होत्या. रोजच्या कामाला लहान, आणि अगदी मोठ्या प्रसंगाला ही लांबलचक.

भावाच्या इमारतीत शिरलो तेव्हा दारावरच्या घंट्यांच्या पाट्यांवर माझी नजर गेली. प्रत्येक आडनावाच्या आधी काहीतरी होतंच : डॉक्टर, मागिस्टर, डिप्लोम-इंजेनिअर. १९१९ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रियाने कायदा करून सगळी सरदारकी रद्द केली. नावातला 'फॉन' हा शब्दसुद्धा काढून टाकला. राजघराण्यातल्या माणसालाही इथल्या कागदावर नुसतं हाब्सबुर्ग-लोथरिंगन म्हणून राहावं लागतं. पण पदवीची हौस गेली नाही, ती शिक्षणाकडे आणि नोकरीकडे वळली. राजदरबार जाऊन शंभर वर्षं झाली तरी 'होफराट', म्हणजे दरबारी सल्लागार, हा किताब हे प्रजासत्ताक आजही देतं. शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ. त्यांना भाऊ 'फ्राउ होफराट' म्हणतो. किताब त्यांच्या दिवंगत यजमानांचा होता. इथे जुन्या पिढीत नवऱ्याची पदवी बायकोलाही लागते. आई लगेच म्हणाली, ''आपल्याकडे नाही का, पाटलाची पाटलीणबाई आणि मास्तरांच्या मास्तरीणबाई.'' भावाने हे जर्मनमध्ये सांगितल्यावर आजींनी आईचा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. १५ ऑगस्टला ऑस्ट्रियात मेरीमातेच्या स्वर्गारोहणाची सार्वजनिक सुट्टी असते. किराणा दुकानं बंद. दूध, ब्रेड हवं असेल तर मोठ्या रेल्वे स्टेशनातल्या दुकानांकडे जावं लागतं. आम्ही बरोबर नेलेल्या थालीपिठांवर आणि दाण्याच्या चटणीवर संध्याकाळ काढली. पाण्याची बाटली मात्र विकत घेऊ नका. नळाचं पाणी थेट आल्प्समधल्या झऱ्यांतून येतं. पहिली जलवाहिनी याच सम्राटाच्या कारकिर्दीत, १८७३ मध्ये सुरू झाली. ते पाणी इतकं गार असतं की पेल्यावर दव जमतं.

१६ ऑगस्ट, होफबुर्ग आणि कापुचिन तळघर

होफबुर्ग हा शहराच्या मधोमध असलेला राजवाडा. सम्राटाच्या खोल्या बघायला नऊ वाजता आत गेलो. नऊनंतर गर्दी वाढते, त्यामुळे उघडतानाच जावं.

मला सगळ्यात जास्त आठवते ती भेटीची खोली. आठवड्यातून दोन दिवस सम्राट सामान्य प्रजेला भेटायचा. एका सकाळी शंभरापर्यंत माणसं. कुणी किताबाबद्दल आभार मानायला, कुणी माफीसाठी, कुणी पेन्शनसाठी. आधीच्या मोठ्या दालनात लोक थांबत आणि मग एकेकाला आत सोडत. सम्राट उंच मेजापाशी उभा असे. मेजावर त्या दिवशीच्या भेटणाऱ्यांची यादी. बोलणं काही मिनिटांचं. संपलं की तो मान किंचित हलवायचा. समोरच्याने पाठ न दाखवता बाहेर जायचं. आईने त्या मेजाजवळच्या दोरीला अगदी टेकून सगळं पाहिलं. तिच्या टेबलासमोरही सोमवारी अशीच रांग असायची. ''उभ्याने शंभर माणसं,'' एवढंच ती म्हणाली.

आणि तीन खोल्या पुढे त्याचा पलंग. लोखंडी, अरुंद, आपल्याकडच्या वसतिगृहात असतो तसा. शेजारी प्रार्थनेसाठी गुडघे टेकायचं लाकडी आसन. हा माणूस पहाटे चारच्या आत उठायचा, गार पाण्याने अंग धुवायचा आणि पाचच्या आधी कामाच्या टेबलावर बसलेला असायचा. १८४८ च्या २ डिसेंबरला अठराव्या वर्षी गादीवर बसला आणि १९१६ च्या २१ नोव्हेंबरला गेला. जवळजवळ अडुसष्ट वर्षं. ज्या शोनब्रुन राजवाड्यात जन्मला तिथेच मरण आलं. शेवटच्या रात्री ताप अंगात असताना झोपायला जाताना त्याने सेवकाला नेहमीसारखं साडेतीनला उठवायला सांगितलं होतं. जेरुसलेमच्या राजाचा हा पलंग बघून मला त्याच्याबद्दल मनापासून आदर वाटला. पदव्यांचा कागद बघून वाटला नव्हता.

त्याच्या बोलण्याबद्दलची एक गोष्ट व्हिएन्नात सगळे सांगतात. नव्या ऑपेरा हाउसवर लोकांनी इतकी टीका केली, आणि सम्राटानेही त्यांच्या सुरात सूर मिसळला असं म्हणतात, की एदुआर्द फान देअर न्युल या वास्तुविशारदाने १८६८ मध्ये आत्महत्या केली. त्याचा जोडीदार झिकार्ड्सबुर्गही काही आठवड्यांत गेला. तेव्हापासून सम्राट कुठेही उद्घाटनाला गेला की एकच वाक्य बोलायचा, ''फार छान होतं, मला फार आनंद झाला.'' लोक या वाक्याला हसतात. मला मात्र ते फार जपून बोलणाऱ्या, एकदा चटका बसलेल्या माणसाचं वाक्य वाटतं.

दुपारी, तिथून पाच-सात मिनिटांवर नॉयर मार्क्ट चौकातल्या कापुचिन भिक्षूंच्या चर्चखाली गेलो. हाब्सबुर्ग घराण्यातली दीडशेच्या आसपास माणसं या तळघरात आहेत. अठराव्या शतकातली हाब्सबुर्ग राणी मारिया थेरेसा आणि तिचा नवरा यांची शवपेटी म्हणजे एक खोलीच आहे. धातूची, वर दोघं अर्धवट उठून एकमेकांकडे बघत असलेली. तिच्या पायथ्याशी त्यांचा मुलगा दुसरा योझेफ. त्याची पेटी साध्या तांब्याची, एकही नक्षी नाही. फ्रान्झ योझेफ पुढच्या दालनात, एका बाजूला बायको एलिझाबेथ आणि दुसऱ्या बाजूला मुलगा रुडॉल्फ. दोघंही त्याच्या आधी गेले. बायकोचा खून झाला, मुलाने स्वतःला संपवलं.

इथली गोष्ट आम्हाला फ्राउ होफराट आजींनी सकाळीच सांगितली होती. १६ जुलै २०११ ला शेवटचा युवराज ओट्टो याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा त्या रस्त्यावर उभ्या होत्या. तळघराचं दार बंद असतं. बाहेरून काठीने तीनदा ठोठावतात. आतला भिक्षू विचारतो, कोण आहे? बाहेरचा ती सगळी यादी वाचतो. हंगेरी, बोहेमिया, टस्कनी, क्राको, औशवित्झ, झाटोर, सगळं. आतून उत्तर येतं, ''आम्ही त्याला ओळखत नाही.'' पुन्हा ठोठावतात. या वेळी त्याने आयुष्यात स्वतः कमावलेलं सांगतात : युरोपीय संसदेचा सदस्य, अनेक विद्यापीठांचा मानद डॉक्टर. ''आम्ही त्याला ओळखत नाही.'' तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर असतं, ''ओट्टो, एक मर्त्य, पापी माणूस.'' मग दार उघडतं. आजींनी हे सांगताना स्वयंपाकघराच्या टेबलावर बोटांनी तीनदा ठोठावून दाखवलं होतं. तळघराच्या दाराशी आईनेही नकळत तसंच केलं, अगदी हळू.

१७ ऑगस्ट, बाड इशलच्या वाटेवर

आटनांग-पुखहाइमला गाडी बदलावी लागते. तिथून पुढची छोटी गाडी ट्राउन तलावाच्या काठाकाठाने जाते. डाव्या हाताला बसा, तलाव त्या बाजूला आहे.

प्रवासात आईने कागदावर खुणा करायला सुरुवात केली. आधी मला कळेना. मग तिने समजावलं. सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं किंवा जमीन विकलेल्या माणसाचं नाव आपोआप जात नाही. फेरफार घालावा लागतो. मग जुन्या नावाला कंस होतो आणि नवं नाव चढतं. कुणी अर्जच केला नाही तर पणजोबाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं आणि वहिवाट भलत्याचीच असते. ''हा तसा सातबारा आहे,'' ती म्हणाली. ''मला सांग, यातलं प्रत्यक्ष ताब्यात काय होतं?''

भाऊ आणि मी तिला एकेक सांगत गेलो. जेरुसलेमचं क्रूसेडवाल्यांचं राज्य १२९१ मध्येच संपलं. स्पेनचे राजेही हीच पदवी लावतात, म्हणजे एकाच जमिनीवर दोन नावं. ज्या हाब्सबुर्ग किल्ल्यावरून घराण्याला नाव मिळालं तो आजच्या स्वित्झर्लंडात आहे. तो १४१५ मध्ये गेला, तेव्हा फ्रान्झ योझेफच्या जन्माला चारशे पंधरा वर्षं बाकी होती. यादीत लुसेशिया हा प्रांतही होता, तो १६३५ मध्येच सॅक्सनीला दिला. लोरेन तर मारिया थेरेसाच्या नवऱ्याने तिच्याशी लग्न ठरताना सोडून दिलं आणि बदल्यात टस्कनी घेतलं. पुढे १८६० पर्यंत टस्कनीही गेलं. पदव्या मात्र दोन्ही राहिल्या. ''अदलाबदलीचा दस्त झाला आणि दोन्ही गट नावावर ठेवले!'' आईचा आवाज डब्यात चढला. मोडेना, पार्मा १८५९ नंतर इटलीत. इलिरियाचं राज्य १८४९ मध्ये मोडीत निघालं.

''एकाचा तरी फेरफार झाला की नाही?'' झाला. लोंबार्डी १८५९ ला आणि व्हेनिस १८६६ ला गेल्यावर 'लोंबार्डी-व्हेनिसचा राजा' ही पदवी यादीतून काढली. आईला बरं वाटलं. तिने कागदाच्या कडेला लिहिलं, ''नाव कमी केले.''

बाड इशलला पोचलो तेव्हा पाऊस सुरू होता. या भागात त्याला श्न्युर्लरेगन म्हणतात, दोऱ्यांचा पाऊस. बारीक, सरळ, न थांबणारा, आमच्या कोकणातल्या श्रावणासारखा. छत्री हवीच, ऑगस्टातही.

१८ ऑगस्ट, सम्राटाचा वाढदिवस

या गावाला आम्ही हीच तारीख साधून आलो होतो. फ्रान्झ योझेफ १८ ऑगस्ट १८३० चा. आयुष्यातले बहुतेक उन्हाळे त्याने इथे काढले आणि गाव अजूनही त्याचा वाढदिवस करतं. त्याचा जन्मच इथल्या मिठाशी जोडलेला आहे. त्याची आई सोफी हिला मूल होत नव्हतं. वैद्यांच्या सल्ल्याने ती इथल्या खाऱ्या पाण्यात स्नानं करायला लागली आणि मग मुलगे झाले. त्या भावंडांना लोक 'मिठाचे राजपुत्र' म्हणायचे. इतक्या पदव्यांमध्ये मला ही सगळ्यात आवडली, आणि ती कागदावर नाही.

सकाळी चर्चमध्ये मोठी प्रार्थना असते. बाहेर बँडपथक, जुन्या पलटणींच्या गणवेशातले म्हातारे, डिर्ंडल घातलेल्या बायका, टोप्यांवर रानबकऱ्याच्या केसांचे झुपके, आणि सगळ्यांवर तो दोऱ्यांचा पाऊस. शेवटी सगळे उभे राहून जुनं सम्राटगीत म्हणतात. चाल हायडनची, १७९७ ची. आज तीच चाल जर्मनीचं राष्ट्रगीत आहे. आमच्या बाकावर एक मध्यमवयीन सुतार होते, गावातलेच. प्रार्थना संपल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्हाला पुन्हा राजा हवा आहे का? ते म्हणाले, ''नाही. पण माझे आजोबा हे गात होते.'' मग खिशातून रुमाल काढून त्यांनी आईच्या बाकावरचं पाणी पुसलं.

कायझरव्हिला, म्हणजे सम्राटाचं उन्हाळी घर, अजूनही त्याच्या वंशजांच्या मालकीचं आहे. आत फक्त गाइडबरोबर सोडतात. भिंतीच दिसत नाहीत इतकी शिंगं. प्रत्येकाखाली तारीख. त्याने मारलेला दोन हजारावा शामोआ, म्हणजे आल्प्समधला रानबकरा, पेंढा भरून उभा केला आहे. मला त्या जिन्यात थांबवेना. ज्या माणसाबद्दल होफबुर्गात आदर वाटला त्याच माणसाचं हे आहे, हे मनाला लागलं.

मग अभ्यासिका. साधं टेबल. २८ जुलै १९१४ ला याच घरात त्याने 'माझ्या लोकांस' हा जाहीरनामा सही केला आणि सर्बियाशी युद्ध सुरू झालं. आईने पर्समधून कागद काढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं : सर्बियाच्या व्होइव्होडशिपचा महाव्होइव्होड. ही व्होइव्होडशिप म्हणजे सर्बियाचं राज्य नव्हे. दक्षिण हंगेरीतला तो एक प्रांत होता आणि १८६० मध्येच रद्द झाला होता. तरी ज्या नावाशी लढायचं तेच नाव सही करणाऱ्याच्या पदवीत होतं. गाइड पुढच्या खोलीत गेली, बाकीचे लोकही गेले. आई तिथेच उभी होती. तिच्या वडिलांचे वडील पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेले होते आणि परत आले नाहीत. त्यांच्या नावाचं काही आमच्या घरी नाही, फोटोसुद्धा नाही. ती त्या टेबलाकडे बघत होती. मी तिला हाक मारली नाही.

दुपारी त्साउनर या १८३२ पासूनच्या मिठाईच्या दुकानात गेलो. त्यांचा त्साउनरश्टोलन हेझलनट, चॉकलेट आणि वेफरच्या चुऱ्याचा असतो, पातळ काप करून देतात. घरी न्यायलाही टिकतो. पण मला जिंकलं ते संध्याकाळी आमच्या छोट्या अतिथिगृहाच्या मालकीणबाईंनी केलेल्या कायझरश्मार्नने. जाडसर गोड धिरडं तव्यावरच फाडून तुकडे करतात, लोणी-साखरेत परततात, वर पिठीसाखर आणि बाजूला शिजवलेल्या प्लमचा आंबटगोड रस. नावातच सम्राट आहे. मालकीणबाई म्हणाल्या, धिरडं फाटलं म्हणून हा पदार्थ जन्मला असं लोक सांगतात, पण नीट फाडायलाही हात लागतो. त्यांनी आईला दोन काटे देऊन फाडायला लावलं. यात अंडी भरपूर असतात. अंडी न खाणाऱ्यांनी या भागात आधी विचारून घ्यावं, गोड पदार्थांत बहुतेक ठिकाणी असतातच.

१९ आणि २० ऑगस्ट, बुडापेस्ट

१९ चा दिवस गाड्यांत गेला. २० ऑगस्ट हा हंगेरीचा राष्ट्रीय सण, पहिला राजा संत इश्तवान याचा. राहायची जागा फार आधी धरून ठेवा, त्या दिवशी सगळा देश बुडापेस्टात असतो. नव्या गव्हाच्या पावाला लाल-पांढरी-हिरवी फीत बांधतात. एका आजोबांनी त्याचा तुकडा आम्हाला दिला, अजून कोमट होता.

फ्रान्झ योझेफच्या यादीतला 'अपोस्टोलिक' हा शब्द या इश्तवानकडूनच येतो अशी परंपरा आहे. १७५८ मध्ये पोपने मारिया थेरेसाला तो पुन्हा अधिकृत करून दिला. आणि इथेच आईला या प्रवासातला सगळ्यात मोठा आनंद झाला. हंगेरीच्या राजांच्या जुन्या लॅटिन बिरुदावलीत डाल्मेशिया, क्रोएशिया यांच्या पाठोपाठ येतो रामा. रामा नावाची नदी बोस्नियात आहे. तिच्या खोऱ्यावरून आलेली ही पदवी हंगेरीचे राजे बोस्नियावरच्या हक्कासाठी लावत. भावाने मुद्दाम हे तिथे जाईपर्यंत राखून ठेवलं होतं. ''रामाचा राजा,'' आई दोनदा म्हणाली. मग तिने कागदावर स्वतःच्या अक्षरात ते भरलं.

चेन ब्रिजच्या पेस्टकडच्या टोकाला एक मोठा चौक आहे. ८ जून १८६७ ला इथे मातीचा ढीग रचला होता. त्यासाठी हंगेरीच्या प्रत्येक जिल्ह्यातून माती आणली होती. मात्याश चर्चमध्ये हंगेरीचा मुकुट घातल्यावर फ्रान्झ योझेफ घोड्यावरून या ढिगावर चढला आणि चारही दिशांना तलवार फिरवली, म्हणजे चहूबाजूंनी राज्य राखीन. मुकुट घालणाऱ्यांत पंतप्रधान आंद्राशी होता. १८४८-४९ च्या उठावानंतर याच राजाच्या सरकारने आंद्राशीला फाशीची शिक्षा सुनावली होती, आणि तो परदेशात असल्याने इथे त्याच्या नावाला फाशी दिली होती. १८६७ मध्ये त्याच आंद्राशीच्या हातांनी मुकुट ठेवला. पण सगळे परत आले नाहीत. ६ ऑक्टोबर १८४९ ला आराद इथे तेरा सेनानींना ठार केलं. नदीकाठी फटाक्यांची वाट बघताना शेजारी एक शिक्षिका बसल्या होत्या. त्यांनी ते सांगितलं. त्यांच्या घरी अजूनही बिअरचे ग्लास एकमेकांना लावत नाहीत, कारण आरादच्या वेळी ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी तसे लावले होते अशी गोष्ट आहे. ''माझ्या वडिलांनी कधी लावले नाहीत, मीही लावत नाही,'' त्या म्हणाल्या.

त्या चौकात आज ढीग नाही. पूर्वी चौकाला फ्रान्झ योझेफचं नाव होतं, मग रुझवेल्टचं आलं, आता सेचेनीचं आहे. आईने हे ऐकून मान हलवली. इथले फेरफार वेळच्या वेळी होतात.

२१ ला सकाळी मात्याश चर्च बघितलं. छतावरच्या रंगीत कौलांवर ऊन पडलं की डोळे दिपतात. आजचं हे रूप राज्याभिषेकानंतरच्या दुरुस्तीत मिळालेलं आहे, १८७४ ते १८९६ मधलं. दुपारच्या गाडीने व्हिएन्ना, तीन तासांच्या आत.

२२ ऑगस्ट, टांकसाळ

परतीचं विमान रात्री. सकाळी आईला चांदीचं काहीतरी हवं होतं, लक्ष्मीपूजनासाठी. भाऊ आम्हाला हॉयमार्क्टवरच्या टांकसाळीच्या दुकानात घेऊन गेला. तिथे मारिया थेरेसाचा थालर मिळतो. १७८० मध्ये ती गेली आणि तेव्हापासून आजतागायत हे नाणं त्याच तारखेचं पाडलं जातं. अरबस्तान आणि इथिओपियात व्यापारी दुसरं नाणं घेतच नसत. १८५७ मध्ये फ्रान्झ योझेफने ते अधिकृतपणे व्यापाराचं नाणं ठरवलं. वजन २८ ग्रॅमच्या जरा वर. बिल जपून ठेवा, कस्टममध्ये विचारू शकतात.

आईने पर्समधून भिंग काढलं. एका बाजूला मारिया थेरेसा, भरदार चेहरा, डोक्यावर पदर घेतल्यासारखं वस्त्र. सोळा मुलांची आई. भोवती अक्षरं. भाऊ एकेक संक्षेप उलगडत गेला आणि ती लिहीत गेली. देवाच्या कृपेने रोमनांची सम्राज्ञी, हंगेरी आणि बोहेमियाची राणी. मागच्या बाजूला दुतोंडी गरुड : ऑस्ट्रियाची आर्चडचेस, बर्गंडीची डचेस, टिरोलची काउंटेस. नाण्याच्या कडेवर बोट फिरवलं तर तिथेही उठाव लागतो, तिचं ब्रीद, न्याय आणि दया. बर्गंडीची डची १४७७ मध्ये फ्रान्सने घेतली होती. या नाण्यावर मात्र ती अजून तिच्याच नावावर आहे.

आणि मग भावाने सांगितलं की दुसऱ्या महायुद्धात, १९४० आणि १९४१ मध्ये, इंग्रजांनी हाच थालर मुंबईच्या टांकसाळीत पाडून घेतला. फोर्टातल्या त्या खांबांच्या इमारतीत, रिझर्व्ह बँकेसमोर. आईने माझ्याकडे बघितलं. खात्याच्या कामासाठी मंत्रालयात जाताना बोरीबंदरला उतरून ती त्या इमारतीवरूनच चालत जायची.

लक्ष्मीपूजनाला तो थालर ताटात होता, वहीच्या शेजारी. आईने गरुडाची बाजू वर ठेवली होती. हळद-कुंकू बर्गंडीवर पडलं.